अंतिम शिट्टीनंतर : आयर्लंडमधील हर्लिंग अजिंक्यपद सामना आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

क्रीडा-इतिहासाचे लेखन बहुधा विजेत्यांच्या याद्या, गुणसंख्या आणि विक्रम यांच्याभोवती फिरते. सामना पाहणारा समाज या लेखनात पार्श्वभूमीलाच राहतो. वस्तुतः एखाद्या खेळाला समाजजीवनात कोणते स्थान आहे, हे सामन्याच्या निकालापेक्षा त्या निकालाला समाजाने दिलेल्या प्रतिसादातून अधिक स्पष्टपणे कळते. या दृष्टीने आयर्लंडमधील अखिल आयर्लंड हर्लिंग अजिंक्यपदाचा अंतिम सामना हा अभ्यासाचा महत्त्वाचा विषय ठरतो. सामन्याचा निकाल सत्तर मिनिटांत लागतो. त्या निकालाचा अर्थ मात्र पंचांच्या अंतिम शिट्टीनंतर प्रेक्षक ठरवितात. या प्रतिसादाची ऐतिहासिक जडणघडण कशी झाली आणि त्याच्यावरील नियंत्रण प्रेक्षकांकडून क्रमाक्रमाने संस्थेकडे कसे गेले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

खेळ, संस्था आणि काउंटी

हर्लिंग हा आयर्लंडचा प्राचीन खेळ आहे. टोकाशी पसरट असलेली ॲश वृक्षाच्या लाकडाची काठी आणि चामड्याने मढविलेला लहान चेंडू ही त्याची साधने. प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असतात. गोलखांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून चेंडू गेल्यास एक गुण आणि दांडीखालून जाळ्यात गेल्यास एक गोल, म्हणजे तीन गुण मिळतात. म्हणूनच धावफलकावर गोल व गुण स्वतंत्रपणे दाखविले जातात. २०१८ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत या खेळाचा समावेश केला.

खेळाला आधुनिक संघटित रूप मिळाले ते गेलिक ॲथलेटिक असोसिएशनमुळे. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी काउंटीतील थर्ल्स या गावी मायकेल क्युसॅक, मॉरिस डेव्हिन आदींनी या संस्थेची स्थापना केली. इंग्रजी खेळांच्या वाढत्या प्रभावास उत्तर देणे आणि देशी खेळांचे पुनरुज्जीवन करणे हा तिचा हेतू होता. अखिल आयर्लंड स्पर्धा १८८७ मध्ये सुरू झाली. तिचा अंतिम सामना १ एप्रिल १८८८ रोजी बर येथे झाला आणि टिपररीने गॉलवेवर विजय मिळविला.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. काउंटी हा मूलतः इंग्रजी राजवटीने प्रशासनाच्या सोयीसाठी पाडलेला विभाग होता. राष्ट्रवादी प्रेरणेतून जन्मलेल्या संस्थेने स्पर्धेसाठी तोच विभाग स्वीकारला आणि काही पिढ्यांत तो लोकांच्या आत्मीयतेचा विषय बनला. खेळाडू हौशी असतात, त्यांना खेळण्याचे वेतन मिळत नाही. बहुतांशी ते आपल्या जन्मगावच्या क्लबकडून आणि आपल्याच काउंटीकडून खेळतात. परिणामी मैदानावरील खेळाडू हा प्रेक्षकाचा शेजारी, सहकारी किंवा मुलांचा शिक्षक असतो. अंतिम सामन्यानंतरच्या प्रतिसादाची तीव्रता या निकटतेतून येते.

मैदान : स्मृतीचे स्थळ

डब्लिनमधील क्रोक पार्क हे मैदान संस्थेने १९१३ मध्ये विकत घेतले आणि आपले पहिले आश्रयदाते आर्चबिशप टॉमस क्रोक यांचे नाव त्याला दिले. २१ नोव्हेंबर १९२० रोजी स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात याच मैदानावर फुटबॉलचा सामना सुरू असताना ब्रिटिश राजवटीच्या सशस्त्र दलांनी गोळीबार केला. त्यात १४ जणांना प्राण गमवावे लागले. टिपररीचा खेळाडू मायकेल होगन हा त्यांपैकी एक होता. पुढे मुख्य प्रेक्षागृहास त्याचे नाव देण्यात आले. विजयी कर्णधार याच होगन स्टँडमध्ये लियम मॅकार्थी चषक स्वीकारतो.

मैदानाच्या एका टोकाच्या उभ्याने पाहण्याच्या जागेस ‘हिल सिक्स्टीन’ म्हणतात. १९१६ च्या उठावात पडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यातून ती उभी राहिली, अशी लोकधारणा दीर्घकाळ प्रचलित होती. इतिहाससंशोधनाने ती बाजूला सारली आहे. ती जागा उठावापूर्वीच तयार झाली होती आणि आरंभी तिला पहिल्या महायुद्धात गॅलिपोली येथे लढल्या गेलेल्या एका टेकडीवरून ‘हिल सिक्स्टी’ म्हणत असत. नावातील हा बदल आणि त्याला चिकटलेली कथा यांतून प्रेक्षकांनी मैदानाला राष्ट्रीय स्मृतीत कसे सामावून घेतले, हे दिसते. विजयानंतर त्या हिरवळीवर पाय ठेवण्याची ओढ या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

पराभूताचा सन्मान : १९५६

प्रतिस्पर्धी संघांच्या प्रेक्षकांना वेगळे न बसविण्याची या खेळाची परंपरा आहे. दोन काउंट्यांचे लोक शेजारी बसून सामना पाहतात. त्यामुळे विजयाचा आनंद पराभूतांच्या डोळ्यांदेखत साजरा होतो आणि त्याला आपोआप एक मर्यादा येते.

२३ सप्टेंबर १९५६ चा कॉर्क विरुद्ध वेक्सफर्ड हा अंतिम सामना याचे उत्तम उदाहरण होय. दोनच वर्षांपूर्वी, १९५४ मध्ये, याच दोन संघांच्या अंतिम सामन्यास ८४,८५६ प्रेक्षक उपस्थित होते. हर्लिंगच्या अंतिम सामन्याची ती विक्रमी उपस्थिती होय. १९५६ मध्ये कॉर्कचा ख्रिस्ती रिंग आपल्या नवव्या अजिंक्यपदासाठी खेळत होता. शेवटच्या मिनिटांत त्याचा एक जोरकस फटका वेक्सफर्डचा गोलरक्षक आर्ट फोली याने अडविला आणि वेक्सफर्डने २-१४ विरुद्ध २-८ असा सामना जिंकला. शिट्टी वाजल्यानंतर वेक्सफर्डच्या निक ओ’डॉनेल आणि बॉबी रॅकार्ड यांनी पराभूत रिंगला खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेले. त्या दिवसाच्या आठवणींत विजेत्यांच्या गुणांइतकेच हे दृश्य टिकून राहिले. जेत्याची थोरवी पराभूताला दिलेल्या मानावरून मोजण्याची दृष्टी या समाजात किती रुजली होती, याची ही साक्ष आहे.

प्रतीक्षेचे मोजमाप : १९८० आणि १९९५

प्रेक्षकांच्या प्रतिसादाची तीव्रता सामन्याच्या दर्जापेक्षा प्रतीक्षेच्या वर्षांवर अधिक अवलंबून असते. ७ सप्टेंबर १९८० रोजी गॉलवेने लिमरिकचा २-१५ विरुद्ध ३-९ असा पराभव केला. १९२३ च्या स्पर्धेनंतरचे गॉलवेचे हे पहिलेच अजिंक्यपद होते. कर्णधार जो कोनोली याने चषक स्वीकारताना बरेचसे भाषण आयरिश भाषेत केले आणि इंग्लंड, अमेरिका व जगभर विखुरलेल्या गॉलवेकरांची आठवण काढली. त्यानंतर जो मॅकडोना याने टॉमस डेव्हिस यांचे ‘द वेस्ट्स अवेक’ हे एकोणिसाव्या शतकातील गीत गायिले. पुढे हाच मॅकडोना संस्थेचा अध्यक्ष झाला.

या प्रसंगाचे महत्त्व क्रीडेपुरते नाही. आयर्लंडच्या पश्चिम भागाने दुष्काळाच्या काळापासून स्थलांतराची झळ सर्वाधिक सोसली होती. घरोघरी कोणी ना कोणी परदेशी गेलेले होते. चषक हाती आल्याच्या क्षणी अनुपस्थितांचे स्मरण होणे, तेही क्षीण होत चाललेल्या भाषेत, याचा अर्थ मैदानावरील समुदाय हा संपूर्ण समुदाय नाही, याची जाणीव सर्वांना होती. हा विजय जे तेथे नव्हते त्यांचाही होता.

३ सप्टेंबर १९९५ रोजी क्लेअरने ऑफलीवर १-१३ विरुद्ध २-८ असा विजय मिळविला आणि १९१४ पासूनची ८१ वर्षांची प्रतीक्षा संपली. व्यवस्थापक गेर लॉकनन आणि कर्णधार अँथनी डेली यांच्या या संघाच्या यशानंतर ‘शाप फिटला’ अशी भावना व्यक्त झाली. एकोणिसाव्या शतकातील लोकवैद्य बिडी अर्ली हिने क्लेअरच्या हर्लिंगला शाप दिला होता, अशी दंतकथा प्रचलित होती. कालक्रमाच्या कसोटीवर ती टिकत नाही. बिडी अर्लीचे निधन १८७४ मध्ये, म्हणजे संस्थेच्या स्थापनेपूर्वी दहा वर्षे झाले. ज्या स्पर्धेतील अपयशाशी तिचे नाव जोडले गेले, ती स्पर्धा तिच्या हयातीत अस्तित्वातच नव्हती. मात्र दंतकथा खोटी ठरली तरी तिची उपयुक्तता संपत नाही. वारंवारच्या पराभवाचे स्पष्टीकरण देण्याची आणि स्वतःच्या खेळाडूंना दोषातून मुक्त करण्याची सोय तिने करून दिली होती.

आनंदाचे आणि निषेधाचे मैदान : १९९८

सामना संपताच प्रेक्षकांनी मैदानात उतरणे ही दीर्घकालीन प्रथा होती. हीच प्रथा निषेधाचे साधनही बनू शकते, हे १९९८ मध्ये दिसून आले. २२ ऑगस्ट रोजी क्लेअर व ऑफली यांच्यातील उपांत्य फेरीचा फेरसामना क्लेअर तीन गुणांनी आघाडीवर असताना, नियत वेळेपेक्षा सुमारे दोन मिनिटे आधीच संपविण्यात आला. ऑफलीच्या प्रेक्षकांनी क्रोक पार्कच्या हिरवळीवर ठिय्या दिला. सामना पुन्हा थर्ल्स येथे खेळविण्यात आला. ऑफलीने तो जिंकला आणि अंतिम सामन्यात किलकेनीलाही २-१६ विरुद्ध १-१३ असे हरविले. मैदानावरील त्या बैठकीविना ऑफलीचे अजिंक्यपद आज स्मरलेच जात नाही. क्लेअरच्या दृष्टीने मात्र हीच घटना हातचे गमावल्याची आठवण ठरली. प्रेक्षक केवळ साक्षीदार नसून स्वतःला स्पर्धेचा भागधारक मानतात, हे या घटनेने अधोरेखित केले.

कुंपणाचा प्रश्न : २०१०

हजारो लोकांनी एकाच वेळी मैदानात धावणे धोक्याचे आहे, ही संस्थेची चिंता निराधार नव्हती. ११ जुलै २०१० रोजी लेन्स्टर प्रांताच्या फुटबॉल अंतिम सामन्यानंतर संतप्त प्रेक्षक मैदानात घुसले आणि पंचांवर हल्ला झाला. त्याच वर्षी हिल सिक्स्टीनसमोर पारदर्शक अडथळा उभारून क्रोक पार्कमधील ही प्रथा थांबविण्यात आली.

या निर्णयाच्या दोन्ही बाजू विचारात घेणे आवश्यक आहे. मैदान खुले ठेवण्यात चेंगराचेंगरीचा धोका होता. तसेच कुंपण उभारणे हेही निर्धोक नसते. इंग्लंडमध्ये १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत कुंपणामुळे लोकांना बाहेर पडता आले नाही. त्या दुर्घटनेतील मृतांची संख्या ९७ आहे. सुरक्षिततेपलीकडचा प्रश्न मालकीचा होता. तिकीटविक्रीपासून मैदानाच्या देखभालीपर्यंत स्वयंसेवकांच्या श्रमावर चालणाऱ्या संस्थेचे मैदान कोणाचे मानायचे? पूर्वी विजेता खेळाडू गर्दीतून वाट काढत चषकापर्यंत पोहोचत असे. आता तो मोकळ्या हिरवळीवरून जातो आणि प्रेक्षक आसनांवरून त्याला पाहतात. दूरचित्रवाणीला हे दृश्य सोयीचे आहे. खेळाडू आणि शेजारी यांतील अंतर मात्र त्यामुळे वाढले. प्रांतिक मैदानांवर ही प्रथा पुढेही सुरू राहिली, यावरून ती प्रेक्षकांनी स्वेच्छेने सोडलेली नव्हती, हे उघड होते.

गजबज आणि शांतता : २०१८ ते २०२५

२०१८ मध्ये लिमरिकने गॉलवेला ३-१६ विरुद्ध २-१८ असे हरवून १९७३ पासूनची प्रतीक्षा संपविली. त्यानंतर क्रोक पार्कमध्ये ‘द क्रॅनबेरीज’ या लिमरिकच्याच वाद्यवृंदाचे ‘ड्रीम्स’ हे गीत वाजले आणि प्रेक्षकांनी ते सामूहिकपणे गायिले. या वृंदाची गायिका डोलोरेस ओ’रिऑर्डन हिचे त्याच वर्षी जानेवारीत निधन झाले होते. विजयोत्सव आणि शोक एकाच सुरात व्यक्त झाले.

याउलट १३ डिसेंबर २०२० चा अंतिम सामना कोविड महासाथीमुळे रिकाम्या मैदानात झाला. लिमरिकने वॉटरफर्डवर ०-३० विरुद्ध ०-१९ असा निर्विवाद विजय मिळविला. खेळाच्या दर्जात उणीव नव्हती. विजय वाटून घेणारे कोणी नव्हते. पुढील वर्षी ४० हजार प्रेक्षकांना प्रवेश मिळाला. मैदानाच्या सुमारे ८२ हजारांच्या क्षमतेच्या मानाने ती संख्या निम्मीच होती.

प्रतिसादाचा इतिहास केवळ विजेत्यांचा नसतो. २० जुलै २०२५ रोजी कॉर्क मध्यंतराला सहा गुणांनी पुढे होता. उत्तरार्धात त्याला केवळ दोन गुण मिळाले आणि टिपररीने ३-२७ विरुद्ध १-१८ असा विजय संपादन केला. कॉर्कने यापूर्वीचे अजिंक्यपद २००५ मध्ये जिंकले होते. त्यानंतरच्या काळात २००६, २०१३, २०२१, २०२४ आणि २०२५ असे पाच अंतिम सामने त्याने गमावले. तरीही पुढील सामन्याच्या तिकिटांसाठी हेच प्रेक्षक पुन्हा रांगेत उभे राहतात. १९९५ पूर्वीचे क्लेअर आणि १९८० पूर्वीचे गॉलवे यांच्या उदाहरणांवरून असे दिसते की, काउंटीची एकजूट विजयाने साजरी होत असली तरी ती घडते दीर्घ प्रतीक्षेत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, हर्लिंगच्या अंतिम सामन्यानंतरचा प्रतिसाद ही क्षणिक भावनोद्रेकाची बाब नसून स्थलांतर, स्वातंत्र्यलढा आणि स्थानिक निष्ठा यांची स्मृती त्यात साठविलेली असते. दुसरा, त्याची तीव्रता प्रतीक्षेच्या कालावधीशी निगडित असते. तिसरा, विसाव्या शतकात प्रेक्षकांच्या हाती असलेला हा तास एकविसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर संस्थेच्या नियोजनाखाली आला. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल समर्थनीय ठरतो, परंतु त्यासाठी समाजाला मैदानावरील आपला हक्क सोडावा लागला, याची नोंद इतिहासाने घ्यावयास हवी. २०२० च्या रिकाम्या मैदानाने सिद्ध केले की प्रेक्षकांविना सामना पूर्ण होतो, निकाल लागतो आणि चषकही दिला जातो; परंतु तो विजय साऱ्या काउंटीचा होण्यासाठी शिट्टीनंतर थांबणारी माणसे लागतात. म्हणूनच क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासकाने धावफलकाबरोबरच सामना संपल्यानंतरच्या मैदानाकडेही ऐतिहासिक साधन म्हणून पाहणे अगत्याचे आहे.