विहिरीच्या क्रेनची कप्पी झिजली तर नवा वायर रोपही टिकत नाही

विहीर खोदताना वायर रोपच्या तारा तुटायला लागल्या की आपण रोप बदलतो, वरची बिडाची कप्पी तशीच ठेवतो. खरी गोम तिथेच असते, अन् त्याच रोपवर माणसं खाली उतरतात. रोपच्या तारा बिडापेक्षा कठीण. म्हणून खाचेत पिळाचे वळ उमटतात. त्यात जुना रोप झिजून बारीक झालेला, खाचही तेवढीच अरुंद पडते. नवा रोप तिच्यात चेपतो, वळांवर घासतो. १२ मिमीच्या रोपला साधारण १२.६ ते १३.२ मिमी रुंद खाच लागते. क्रेन बंद करून नव्या रोपचा तुकडा खाचेत बसवून बघा. तळाला न टेकता कडांत अडकला किंवा खाचेत बोटाला वळ लागले, तर कप्पी बदलाच. बेअरिंग जाम असेल तर कप्पी फिरत नाही. रोप तिला एकाच जागी करवतीसारखा कापतो, अन् स्वतःही झिजतो.