वापरलेल्या एसयूव्हीतील यांत्रिक बिघाड

वापरलेल्या एसयूव्ही वाहनांत क्लच, ब्रेक, इंजिन व चासी यांचे दोष प्रामुख्याने आढळतात. सातारा जिल्ह्यातील वाई-पाचगणी दरम्यानच्या पसरणी घाटासारख्या मार्गांवर नित्य धावणाऱ्या वाहनांत ते लवकर उद्भवतात.

क्लच
चढावर अर्धा क्लच दाबून वाहन रोखून धरल्यास क्लचप्लेट झिजते. इंजिनाचे फेरे वाढूनही वाहनाचा वेग न वाढणे, हे त्याचे लक्षण होय. दुरुस्तीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्याने मजुरी बरीच पडते. त्यामुळे प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलणे किफायतशीर ठरते.

ब्रेक
ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषते व त्याचा उत्कलनबिंदू घटतो. उतारावर सतत ब्रेक दाबल्यास जुने ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही. ऑइल बदलण्याचा खर्च अल्प असतो. उतारावर खालचा गिअर वापरल्यास ब्रेकवरील भार कमी होतो.

इंजिन
निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे दर्शवतो. पिस्टन रिंग किंवा टर्बोचार्जर झिजल्याने असे घडू शकते. ही दुरुस्ती सर्वाधिक खर्चिक दुरुस्त्यांपैकी एक आहे.

चासी
इ.स. २००० मध्ये बाजारात आलेल्या महिंद्रा बोलेरोसारख्या वाहनांची बॉडी स्वतंत्र चासीवर बसवलेली असते. अतिवृष्टीच्या प्रदेशात चासी गंजण्याचा धोका अधिक असतो. चासीला खोलवर गंज लागला असल्यास वाहन विकत न घेणे श्रेयस्कर मानले जाते.