डबलडेकरच्या जिन्यावरचा शोध

बैठ्या कामाने हृदयाचा आजार जडतो हे आता शाळेतलं पोरही सांगेल. पण ही गोष्ट पहिल्यांदा ठोस आकड्यांत सापडली ती बसच्या जिन्यावर. लंडनच्या डबलडेकरच्या.

साल १९४९. महायुद्ध संपलेलं, आणि ब्रिटनमध्ये ऐन पन्नाशीतली माणसं हृदयविकाराने पटापट जात होती. कशामुळे, ते डॉक्टरांना उमगत नव्हतं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरला वाटलं, कारण माणसाच्या कामात तर नसेल? (हा गडी युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून आपल्याकडे भारतात राहून गेलेला.) त्याने निरनिराळ्या नोकऱ्यांमधले आकडे गोळा करायला घेतले. त्यात लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचे कागद हाती आले आणि चित्र दिसू लागलं.

ड्रायव्हर आणि कंडक्टर. गाडी एक, मालक एक, वस्ती आणि खाणंपिणंही साधारण सारखंच. फरक एवढाच की ड्रायव्हर जवळजवळ सगळी ड्युटी बसून काढायचा, आणि कंडक्टर तिकिटं फाडत वर-खाली करायचा. मॉरिसची माणसं बसमध्ये बसून पायऱ्या मोजत. दिवसाला पाचशे ते साडेसातशे! कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, झाला तरी उशिरा, आणि पहिल्याच झटक्यात दगावणारेही कमी. १९५३ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तेव्हा हार्टच्या पेशंटला आठवडेच्या आठवडे खाटेवर झोपवून ठेवायची पद्धत होती. साहजिकच बऱ्याच जणांना हे पटलं नाही.

शंका रास्त होती. मुळातच जाडी माणसं ड्रायव्हर होत असतील तर? मग मॉरिसने काय करावं? युनिफॉर्मचे कागद काढले आणि विजारींची कंबर तपासली. ड्रायव्हरांची कंबर खरोखरच मोठी निघाली, तीही तरुण वयापासून. म्हणजे शंकेत तथ्य होतं. तरी एकाच मापाच्या कंबरेचे दोघे घेतले, तर कंडक्टरच जास्त सुरक्षित. मला विचाराल तर सगळ्या संशोधनातला हा विजारीचा भाग सर्वांत भारी. आपल्या विरोधात जाणारा पुरावा त्याने स्वतःच शोधला आणि छापलाही. पोस्टमन आणि टेलिफोनवर बसणारे यांच्यातही असाच फरक दिसला.

आता आपल्याकडे या. 'जीवनशैलीचे आजार' म्हटलं की वाटतं, माणूस आळशी, वडापाव खातो, भोगतो. तंबाखू, दारू, तेल-मीठ यात आपला हात आहेच, नाकारत नाही. पण लंडनच्या ड्रायव्हरने बसून राहणं 'निवडलं' होतं का? त्याला नोकरीने बसवलं होतं. आपला रिक्षावाला, ट्रक ड्रायव्हर, बारा तास खुर्चीत काढणारा वॉचमन यांचंही तेच. त्यांना 'रोज तासभर चाला' सांगणं सोपं आहे. चालायचं कुठे? फूटपाथवर गाड्या लागलेल्या, उरलेल्या जागेत गटाराची फुटकी झाकणं, आणि मैदान लग्नाला भाड्याने दिलेलं.

मॉरिस २००९ मध्ये गेला, वयाच्या ९९ व्या वर्षी. म्हातारपणीही नेमाने व्यायाम करायचा.

आपल्या वॉर्डात सलग एक किलोमीटर, रस्त्यावर न उतरता चालता येईल असा फूटपाथ कुणाला माहीत असेल तर खाली लिहा. यादी करून नगरसेवकांना देऊ.