पनवेल तालुक्यांतील कातकरी आणि कायदेसाहाय्य

जुन्या महजरांवर पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या आपण नेहमीं पाहतों. गांवच्या वृत्तींत ज्यास स्थान, त्याची निशाणी कागदावर येई. बलुत्याच्या चौकटीबाहेर राहून रानांत कात काढणाऱ्या कातकऱ्यास तेथें सहसा जागा नसे. ज्याचा कागद नाहीं त्याची बाजू न्यायासनापुढें कोणीं व कशी मांडावी, या प्रश्नाचा कळंबोलीच्या परिसरापुरता विचार आम्हीं येथें योजिला आहे.

१९३६ च्या हुकुमानें मुंबई इलाख्यांत 'अंशतः वगळलेले प्रदेश' ठरले. त्यांत ठाणें जिल्ह्यांतील डहाणू व शहापूर आले. पनवेल ज्यांत होतें तो कुलाबा जिल्हा आला नाहीं. सिमिंग्टन यांनीं १९३९ च्या अहवालांत आदिवासींचें कर्ज व वेठ यांचें जें वर्णन केलें, तें या वगळलेल्या प्रदेशांचें होय. पुढें संविधानाच्या पांचव्या अनुसूचीखालील क्षेत्रांतही रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) समाविष्ट झाला नाहीं. त्यामुळें १९९६ चा पेसा कायदाही येथें लागू नाहीं. सारांश, येथील कातकऱ्यास प्रदेशामुळें मिळणारें संरक्षण लाभलें नाहीं. जें लाभलें तें व्यक्ति म्हणून.

या दृष्टीनें कायदेसाहाय्याचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. गरीब व मागास वर्गांस कोर्टांत साहाय्य कसें द्यावें, याचा विचार करण्यास मुंबई सरकारनें न्या. न. ह. भगवती यांची समिति नेमिली. तिचा अहवाल १९४९ चा. १९७६ च्या घटनादुरुस्तीनें अनुच्छेद ३९-क आला. १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलांत आला. त्याच्या १२ व्या कलमान्वयें अनुसूचित जमातीच्या मनुष्यास, त्याचें उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. आरोपीस हा हक्क न सांगतां चालविलेला खटला टिकत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं सुकदास प्रकरणांत ठरविलें.

साहाय्याच्या अर्जास प्रतिज्ञालेख पुरेसा मानतां येतो. परंतु वकील मिळाला तरी पुरावा लागतोच. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यास १९७४ पासून परवानगी आवश्यक आहे. पण त्या कलमाचा आधार घेणाऱ्यास प्रथम आपण आदिवासी असल्याचें दाखवावें लागतें. जमातीच्या दाखल्यास ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याची खूण मागतात. १९७० नंतर कळंबोलीची भूमि नव्या मुंबईच्या आंखणींत येऊन परिसरांतील जमिनीस मोल चढलें, तसें या जुन्या कागदाचें मोलही वाढलें.

ती खूण बहुधा कोतवालबुकाच्या जन्ममृत्यूच्या नोंदींत किंवा शाळेच्या पटांत सांपडते. तेथें 'काथोडी', 'काथकरी', 'कातकरी' अशीं रूपें येतात. सनदा व वंशावळी जपणाऱ्या संग्राहकांस अशी जीर्ण वही क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. आमची त्यांस विनंति इतकीच कीं, ती रद्दींत जाऊं देऊं नये. मूळ वाचन न बदलतां तिची नक्कल करून ठेवावी. राजवंशाच्या इतिहासांत तिनें कांहीं भर पडणार नाहीं. एखाद्या कुटुंबाचें घर मात्र तिच्यावर टिकून राहील.