बैलगाडीच्या आखापासून पिकअपच्या एक्सलपर्यंत



उन्हाळ कांदा निघाला की कळवणच्या पिकअपला अन् ट्रॉल्यांना उसंत नसते. अशात मागचा एक्सल गेला, की पहिला विचार भंगारातल्या एक्सलचा. मग प्रश्न येतो, "आपल्या पाट्यांवर बसेल का?" हा प्रश्न आपल्या आजोबांना कधी पडला नाही. का, ते बघू.

बैलगाडीला पाटे नव्हतेच. आख सुतार घडवायचा, धाव लोहार चढवायचा. मोडलं तर गावातच, त्याच मापाने दुरुस्त. कमानी असायच्या टांग्याला.

मोटारी आल्या आणि माप गावाबाहेर गेलं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. अमेरिकेच्या क्रायस्लरच्या साथीने कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, फार्गो ट्रक तयार होऊ लागले. १९४७ च्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढले. १९८० नंतर जपानी कंपन्यांच्या भागीदारीतल्या छोट्या मालगाड्या आल्या.

अमेरिकन माप इंचात, जर्मन अन् जपानी मिलिमीटरात. जुन्या जीपचा पाटा पावणेदोन इंच रुंद. महायुद्धातल्या जीपच्या काही शॅकलना तर उलटे आटे होते. ओळखू यावेत म्हणून त्यांवर छोटा उंचवटा ठेवलेला. हा सगळा माल पुढे भंगारात एकत्र झाला. दिसायला सारखं, पण मापाला वेगळं.

पाटा नुसतं वजन पेलत नाही. पिकअप-ट्रकमध्ये चाकाचा रेटा अन् ब्रेकचा ताण बहुधा पाट्यातूनच चेसिसला जातो. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसून जागा धरतं. आवळून धरायचं काम यू-बोल्टचं. यू-बोल्ट ढिला पडला की ताण सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की एक्सल सरकतो, गाडी तिरकी पळते. भरल्या गाडीने सप्तशृंगी गडाचा घाट उतरताना हे झालं, तर जिवावरचं काम आहे.

म्हणून एक्सल बदलताना :

१. दोन बैठकींमधलं मध्य ते मध्य अंतर आपल्या पाट्यांशी जुळवा.

२. बैठकीची रुंदी पाट्याएवढी हवी. भोक मोठं असेल तर लेथवर बुश करून घ्या. सेंटर बोल्टचं डोकं खेळता कामा नये.

३. यू-बोल्टचा वाक एक्सलच्या नळीवर चपखल बसावा. यू-बोल्ट अन् नट नवेच घ्या, जुने ताणलेले असतात.

४. पाटा वर की खाली, बघा. जुन्या जीपचा मागचा पाटा एक्सलखाली, बहुतेक ट्रकचा वर.

५. बैठकीचा कोन चुकला तर एक्सलचं तोंड वर-खाली होतं अन् प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस लवकर जातात.

६. नट आलटून-पालटून सारखे आवळा. काहीशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळा.

भंगारात जाताना पट्टी, व्हर्नियर अन् आपला जुना यू-बोल्ट सोबत न्या. आधी माप, मग पैसे.