खंडाळ्याला समुद्र कुठाय?

खंडाळा म्हटलं की लोकांना धबधबे, धुकं आणि चिक्की आठवते. तो खंडाळा लोणावळ्याजवळचा. आमचा खंडाळा सातारा जिल्ह्यातला. पुण्याकडून येताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ, पुढे खंडाळा आणि मग खंबाटकी घाट. इथून समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे, पण मध्ये सह्याद्री उभा. आमच्या तालुक्यातल्या माणसाला पाणी म्हणजे विहीर, कालवा नाहीतर वीरच्या धरणाचा फुगवटा. समुद्र कोकणातल्यांचा, असं आम्ही धरूनच चालतो.

त्यामुळे गेल्या वर्षी भाच्याने अम्मीसाठी क्रूझची तिकिटं काढली, तेव्हा घरात मोठी चर्चा झाली. मुंबईहून गोवा आणि परत, तीन रात्री. अम्मी एकाहत्तर वर्षांची. मी नाक मुरडलं. म्हटलं, त्या जहाजावर समुद्र नसतो, हॉटेल असतं. पोहण्याचा तलाव, नाच-गाणं, चार वेळा जेवण. समुद्र बघायचा तर शिडाच्या छोट्या बोटीतून एकट्याने पृथ्वीला फेरी मारणारे बघा. त्याला म्हणतात समुद्रप्रवास!

अम्मी शांतपणे म्हणाली, “तेरे नाना क्या होडी में बैठके गए थे हज कू?”

मी गप्प झालो. नाना, म्हणजे अम्मीचे वडील, १९६८ च्या सुरुवातीला मुघल लाईनच्या ‘मोहम्मदी’ जहाजाने हजला गेले होते. तेही मोठंच जहाज. मग नानांचा प्रवास कशात मोजायचा? साहसात की सहलीत? या प्रश्नाने मला पुस्तकांकडे वळवलं. जे वाचलं, त्याने माझं आधीचं मत बरंचसं मोडलं.

छोट्या बोटींची भाषा

आधी आपल्या मराठीकडेच बघू. सुकाणू, बंदर, लंगर, दर्या, खलाशी, सारंग, नाखवा, गुराब हे सगळे शब्द अरबी-फारसीतून किनाऱ्यावर उतरले. नाखवा म्हणजे मूळचा फारसी ‘नाखुदा’, नावेचा धनी. ‘गुराब’ हा अरबीत कावळा; मराठ्यांच्या आरमारात तीच लढाऊ नौका झाली. वाट काढणाऱ्याला मालीम म्हणत, म्हणजे ‘मुअल्लिम’, शिक्षक. शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्या सारंग आणि दौलतखान हे अधिकारी होते. त्यातलं ‘दर्या सारंग’ हे तर नाव कमी आणि हुद्दा जास्त वाटतं. कोकणात आजही सारंग, तांडेल, नाखवा ही आडनावं आहेत.

शब्द असे हातोहात रुळतात तेव्हा त्यामागे कामही हातोहात चाललेलं असतं. अरबस्तान, गुजरात, कोकण, मलबार यांच्यामध्ये शतकानुशतकं शिडाची गलबतं ये-जा करत होती. मालीमाकडे ‘कमाल’ नावाचं साधन असे. लाकडाची छोटी फळी आणि गाठी मारलेली दोरी, एवढंच. दोरी दातात धरायची, फळी क्षितिजावर टेकवायची आणि ध्रुवतारा किती उंच आहे ते गाठींवरून मोजायचं. १४९० च्या सुमारास अहमद इब्न माजिद या अरब मालीमाने हे सगळं ज्ञान एका ग्रंथात मांडलं. वास्को द गामाला मालिंदीहून कालिकतची वाट दाखवणारा वाटाड्या याच परंपरेतला होता. तो स्वतः इब्न माजिदच होता, ही लोकप्रिय गोष्ट मात्र आज इतिहासकार मानत नाहीत.

या माणसांना कुणी साहसी म्हटलं नाही. त्यांच्यासाठी ते पोट होतं. वारा पाहून निघायचं, वारा पाहून परतायचं. आपण ज्याला आज साहस म्हणतो, ते त्यांचं रोजचं काम होतं.

वाफेची जहाजं आणि गरिबांचा हज

एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजं आली आणि सगळं पालटलं. वाऱ्याची वाट बघणं संपलं. भाडं कमी झालं. जो हज पूर्वी सावकार, अमीर आणि फकीर करत, तो साध्या शेतकऱ्याच्या, विणकराच्या आवाक्यात आला. पुढे मुघल लाईन म्हणून ओळखली गेलेली कंपनी १८७७ मध्ये मुंबईत सुरू झाली. मोठ्या जहाजाला नावं ठेवताना मी हे विसरलो होतो. ते नसतं तर खंडाळ्याचा एक ज्वारी पिकवणारा माणूस मक्केला कधीच पोहोचला नसता.

पण या सोयीची किंमतही होती. हाजी हा जहाज कंपन्यांसाठी माल होता. जितके भरता येतील तितके भरायचे. १८८० मध्ये ‘जेद्दा’ नावाचं जहाज सिंगापूर-पेनांगहून साडेनऊशेच्या आसपास हाजी घेऊन निघालं. अरबी समुद्रात वादळात त्यात पाणी शिरलं. तेव्हा कप्तान आणि त्याचे गोरे अधिकारी रात्री होडीत बसून पळाले. एडनला पोहोचल्यावर त्यांनी सांगितलं, जहाज बुडालं. दुसऱ्याच दिवशी ते ‘बुडालेलं’ जहाज, पाणी उपसून तरंगत ठेवलेलं, दुसऱ्या जहाजाने ओढत एडनला आणलं. हाजी जिवंत होते! याच घटनेवरून जोसेफ कॉनरॅडने पुढे ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी लिहिली.

हाजींच्या हालांवर बोभाटा वाढला, तेव्हा हिंदुस्थान सरकारने १८८६ मध्ये हज वाहतुकीची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे दिली. जगाला सहलींची सवय लावणारी तीच ही कंपनी. काही वर्षांत हा करार संपला, पण योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. सहल आणि यात्रा काही काळ एकाच काउंटरवर विकली जात होती.

क्रूझचा जन्मही याच काळातला. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक ओलांडणारे प्रवासी कमी होत आणि महागडी जहाजं रिकामी पडत. हॅम्बुर्गच्या कंपनीतल्या अल्बर्ट बालिन यांनी १८९१ च्या जानेवारीत ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्रात निव्वळ फिरण्यासाठी पाठवलं. म्हणजे क्रूझ सुरू झाली ती रिकाम्या जहाजाचं काय करायचं या हिशेबातून. पुढे १९५० च्या दशकाअखेरीस जेट विमानांनी अटलांटिकचे प्रवासी पळवले, तेव्हा कंपन्यांनी हाच हिशेब कायमचा केला. पोहोचायचं कुठेच नाही, जहाजावर राहणं हाच प्रवास. २०२४ मध्ये सेवेत आलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ साडेसात हजारांहून जास्त प्रवासी नेऊ शकतं. आमच्याकडची कितीतरी गावं त्यात माणसांसकट मावतील.

आपल्याकडेही विमानानेच शेवट केला. मुंबई ते जेद्दा हा हाजींचा जलमार्ग १९९५ मध्ये बंद झाला.

मुंबईत बांधलेली सुहैली

आता छोट्या बोटीकडे येतो. नाना हजहून परतले त्याच वर्षी, १४ जून १९६८ ला, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा इंग्रज खलाशी फालमथहून एकटा निघाला. कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारायची होती. शर्यतीत नऊ जण उतरले, पूर्ण केली ती एकट्याने. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला तो परतला. वाटेत रेडिओ बंद पडला, पिण्याचं पाणी खराब झालं, आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं.

त्याची ३२ फुटी बोट मुंबईत बांधलेली होती. सागवानाची, आपल्याच सुतारांच्या हातची. रॉबिन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या मोठ्या जहाजांवर अधिकारी होता. बोटीचं नाव त्याने ठेवलं ‘सुहैली’. आखातातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला सुहैली म्हणतात. सुहैल हा ताराही आहे. आपण त्यालाच अगस्ती म्हणतो. एकच तारा, एका परंपरेत मालिमाचा सोबती, दुसऱ्या परंपरेत समुद्र पिऊन टाकणारा ऋषी.

पण त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्टही होता. तो अटलांटिकमध्येच रेंगाळत राहिला आणि आपण जगप्रदक्षिणा करतोय अशी खोटी ठिकाणं रेडिओवरून कळवत राहिला. शेवटी त्याची रिकामी बोट सापडली. छोटी बोट माणसाला आपोआप मोठं करत नाही.

या गोष्टीचा पुढचा धागा आमच्या शेजारी येतो. खंडाळ्याहून लोणंदमार्गे फलटण गाठलं की जवळच विंचुर्णी गाव आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर तिथे राहायला आले. १९७१ च्या युद्धात ‘कामोर्टा’ युद्धनौकेचे प्रमुख, वीरचक्राचे मानकरी. भारतीयाने शिडाच्या बोटीतून एकट्याने जगप्रदक्षिणा करावी, ही ‘सागर परिक्रमे’ची कल्पना त्यांची. समुद्रापासून इतक्या लांब, दुष्काळी भागात बसलेल्या माणसाची! त्यासाठी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी रॉबिन यांच्याकडे उमेदवारी केली आणि १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात, चार बंदरं घेत, परिक्रमा पूर्ण केली. असं करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच म्हादेई कुठेही न थांबता फिरवून आणली. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी, आणि २०२४-२५ मध्ये दोघींनीच, ‘तारिणी’तून पृथ्वीला फेरी मारली. आवटी २०१८ च्या नोव्हेंबरात विंचुर्णीतच वारले.

त्याच वर्षी सप्टेंबरात टॉमी पुन्हा एकटे शर्यतीत होते. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठ्या मोडल्या, पाठीचा कणा दुखावला, उठता येईना. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. बोटीत एकटा माणूस होता, पण त्याला शोधायला किती देशांची जहाजं, विमानं निघाली होती.

इथे माझ्या मनात दोन चित्रं शेजारी आली. १८८० मध्ये साडेनऊशे माणसांना टाकून पळणारे अधिकारी, आणि २०१८ मध्ये एका माणसासाठी वाट वाकडी करणारं जहाज. प्रश्न बोट लहान की मोठी हा नव्हताच. प्रश्न होता, जबाबदारी कोण घेतो. सुहैलीवर ती सगळी एका माणसाच्या अंगावर होती. क्रूझवर आपण पैसे मोजतो ते ती अंगावर न घेण्यासाठी. ती नाहीशी होत नाही; आपल्या नजरेआड, खालच्या मजल्यांवरच्या माणसांच्या अंगावर जाते. १९१४ मध्ये ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे पन्नास हजार हिंदी खलाशी होते, साधारण सहातला एक. ध्रुवतारा मोजणाऱ्यांची नातवंडं तोवर भट्टीत कोळसा टाकत होती.

अम्मीचा प्रवास

नाना समुद्राबद्दल फार बोलत नसत. साबू सिद्दीक मुसाफिरखान्यातला मुक्काम, जहाजातल्या उलट्या, लिंबाचं लोणचं एवढंच. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगत. यलमलमच्या समोर जहाज आलं तेव्हा भोंगा वाजला आणि सगळ्यांनी एहराम बांधला. जमीन दिसत नव्हती. दिशा ठरवणारा कुणीतरी वर होता, त्याच्यावर विश्वास ठेवून शेकडो माणसांनी नियत केली. आणि वाटेत एक म्हातारे हाजी वारले, त्यांना कफनात समुद्रात सोडलं, तेव्हा दोरी धरलेला खलाशी रडत होता. नाना त्याच्यासाठी शेवटपर्यंत दुआ करत. नाव माहीत नव्हतं.

शेवटी मी अम्मीबरोबर क्रूझवर गेलो. गाण्यांचा गोंगाट होता, तो होताच. जेवणही चांगलं होतं, हे कबूल करतो. दुसऱ्या रात्री अम्मीने वर नेण्याचा हट्ट धरला. कठड्याला धरून ती बराच वेळ पश्चिमेकडे बघत होती. “अब्बा इसी पानी पर से गए थे,” एवढंच म्हणाली.

खोली आवरायला येणारा मुलगा रायगड जिल्ह्यातला निघाला. अम्मीने त्याची चौकशी केली. त्याचे आजोबा जहाजावर सारंग होते. कोणत्या जहाजावर, ते त्याला ठाऊक नव्हतं. अम्मीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आजोबांचं नाव विचारून घेतलं.

घरी आल्यापासून नानांच्या त्या बेनाव खलाशाच्या जोडीने ते नावही तिच्या दुआत आहे.