शेड्युलरला लोणावळ्याचा पाऊस दिसत नाही

कोणता प्रोग्राम कोणत्या कोअरवर चालवायचा हे माणसाने ठरवू नये, ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या शेड्युलरवर सोडावे, असे मत जाणकारही आज सिद्धान्तासारखे मांडतात.

त्यांचे म्हणणे आधी नीट ऐकू. साऱ्या यंत्रावरचा भार शेड्युलरला क्षणोक्षणी कळतो, आपल्याला कळत नाही. प्रोग्राम एका कोअरला बांधला आणि तोच कोअर दुसऱ्या कामात गुंतला, तर शेजारचे कोअर मोकळे असूनही तो ताटकळतो. घरच्या लॅपटॉपपुरते हे सोळा आणे खरे. तिथे हाताने कोअर निवडत बसणाऱ्याला मीही अडवीन.

पण सिद्धान्त म्हटला की तो पुण्यातल्या पाषाणच्या यंत्रालाही लागू पडला पाहिजे. तिथल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ महासंगणक सुरू झाला. त्याच्या बहुतेक नोडवर दोन प्रोसेसर, मिळून ३६ कोअर. जाळीवर चालणाऱ्या हवामान-प्रारूपात भूभागाचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका प्रक्रियेकडे सोपवतात. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तीसेक किलोमीटरवरच्या तळेगावात त्याच्या निम्माही नाही. मावळातला हा फरक पकडायचा, तर शेजारच्या तुकड्यांनी वारा, बाष्प, दाब यांचे सीमेवरचे आकडे पायरीपायरीला एकमेकांना द्यावे लागतात. एक मागे पडला की शेजारी थांबतो. मग त्याचाही शेजारी.

आता शेड्युलरने यातली एक प्रक्रिया उचलून दुसऱ्या प्रोसेसरवर नेली, तर काय होते? तिने कॅशमध्ये जमवलेले आकडे मागे राहतात. मेमरीही मागे राहते, कारण ज्या कोअरने मेमरीच्या पानावर प्रथम लिहिले, त्याच्याच प्रोसेसरजवळची जागा लिनक्स सहसा त्या पानाला देते. पहिल्या पातळीच्या कॅशमधून आकडा उचलायला नॅनोसेकंदभर लागतो. मुख्य मेमरीतून शंभराच्या आसपास. पलीकडच्या प्रोसेसरच्या मेमरीतून त्याहूनही जास्त. लिनक्स ती पाने मागाहून हलवू शकते, असे उत्तर येईल. हलवते, पण गैरसोय घडून गेल्यावर, ती हेरल्यावर. तोवर खोळंबलेल्यांचे काय?

मोकळ्या कोअरचा मुद्दा तर इथे उभाच राहत नाही. ३६ कोअर, ३६ प्रक्रिया, नोडवर दुसऱ्या कोणाचे काम नाही. समतोल साधायचा कशाचा?

शेड्युलरच्या सर्वज्ञतेचीही परीक्षा झाली आहे. कामे रांगेत उभी असताना लिनक्सचा शेड्युलर कोअर रिकामे ठेवतो, हे २०१६ च्या युरोसिस परिषदेत लोझी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्यातली एक चूक प्रोग्राम हाताने बांधल्यावरच डोके वर काढत होती, हेही प्रतिपक्षाच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण ती चूक शेड्युलरची होती, बांधणीची नव्हे.

कोणते आकडे कोणाला लागणार, हे प्रारूप लिहिणाऱ्याला आधीपासून ठाऊक असते. शेड्युलरला ते कोण सांगणार? बांधणी म्हणजे हेच सांगणे. ‘प्रत्युष’ क्रे कंपनीच्या एक्ससी४० मालिकेतला. त्या मालिकेत प्रोग्राम सोडणारी ‘एपीरन’ ही आज्ञा, वेगळे काही न सांगितल्यास, प्रत्येक प्रक्रिया ठरावीक कोअरला बांधूनच टाकते. यंत्र घडवणाऱ्यांचा कौल हा असा आहे. वाचकांनी आपला द्यावा.